उष्णतेची वाट : प्रोसेसरचं तापमान आणि कुलरची निवड

घरातल्या हजार वॅटच्या इस्त्रीचा तळ दीडशे-पावणेदोनशे चौरस सेंटिमीटरचा असतो. म्हणजे इस्त्री पूर्ण जोरात तापत असताना तळाच्या दर चौरस सेंटिमीटरमधून साधारण सहा वॅट उष्णता बाहेर पडते. आता रायझन ५ ७६०० हा मध्यम किमतीचा प्रोसेसर घ्या. त्याचे सहा कोअर ज्या सिलिकॉनच्या तुकड्यावर कोरलेले आहेत, त्याचं क्षेत्रफळ जेमतेम ०.७ चौरस सेंटिमीटर, करंगळीच्या नखाएवढं. पूर्ण भार पडला की त्या नखाएवढ्या जागेतून पन्नास-साठ वॅट उष्णता निघते. चौरस सेंटिमीटरमागे सत्तर-ऐंशी वॅट, म्हणजे इस्त्रीच्या दहापटींहून जास्त.

इस्त्रीचं कामच तापणं आहे. प्रोसेसरनं मात्र ९५ अंशांच्या आत राहून कोट्यवधी आकडेमोडी बिनचूक करायच्या असतात. या दोन गोष्टींचा मेळ जो घालतो, तो कुलर आपण कॉम्प्युटर घेताना सगळ्यात शेवटी, उरलेल्या पैशांत निवडतो. मग मे महिन्यात पंखा घोंघावू लागतो, व्हिडिओचं काम रेंगाळतं, स्क्रीनवर ९० चा आकडा दिसतो आणि प्रश्न पडतो : कुलर बदलायचा का? माझं उत्तर असं की आधी उष्णता वाटेत कुठे अडते आहे ते शोधा. ती जागा सापडली की पुष्कळदा पैसे वाचतात, आणि खर्च करावाच लागला तर तो योग्य ठिकाणी होतो.

उष्णता येते कुठून

प्रोसेसर जेवढी वीज घेतो, ती जवळजवळ सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. पंखा विजेतून वारा देतो, दिवा उजेड देतो. प्रोसेसर आकडेमोड देतो, पण त्या आकडेमोडीत ऊर्जा साठून राहत नाही. १०० वॅट आत गेले की १०० वॅट उष्णता बाहेर न्यावीच लागते.

पूर्वी हा प्रश्न एवढा बिकट नव्हता. १९७४ मध्ये आयबीएमचे संशोधक रॉबर्ट डेनार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की ट्रान्झिस्टर जितका लहान करावा तितकी त्याची विजेची गरजही घटते. म्हणून तेवढ्याच जागेत जास्त ट्रान्झिस्टर बसवले तरी एकूण उष्णता वाढत नाही. पुढची तीसेक वर्षं सगळा उद्योग या नियमाच्या आधारावर पुढे गेला. ट्रान्झिस्टर फारच लहान झाले तेव्हा मात्र त्यांच्यातून बंद अवस्थेतही वीज झिरपू लागली आणि हिशेब बिघडला. २००४ मध्ये इंटेलनं चार गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ बाजारात आणण्याचा बेत सोडून दिला. त्यानंतर एकाच कोअरला पळवत नेण्याऐवजी एका प्रोसेसरमध्ये अनेक कोअर बसवण्याकडे सगळे वळले. आज आपण ‘सहा कोअर’, ‘आठ कोअर’ म्हणतो, त्यामागे उष्णतेनं अडवलेला तो रस्ता आहे.

झिरपणाऱ्या या विजेची आणखी एक खोड आहे. सिलिकॉन जितकं गरम, तितकी गळती जास्त. गळती वाढली की उष्णता आणखी वाढते. म्हणून थंड ठेवलेला प्रोसेसर तेच काम थोड्या कमी विजेत करतो.

तापमान हाताबाहेर गेलं तर काय होतं? २००१ मध्ये टॉम्स हार्डवेअर या संकेतस्थळानं एक प्रयोग चित्रित केला होता. चालू कॉम्प्युटरवरून कुलर उचलून घेतला, तर त्या काळचा एएमडीचा अ‍ॅथलॉन काही क्षणांत जळून गेला. पेंटियम ४ मात्र स्वतःचा वेग कमी करून चालत राहिला. आज ही स्वसंरक्षणाची सोय प्रत्येक प्रोसेसरमध्ये असते. ठरलेल्या मर्यादेला पोहोचताच तो वेग उतरवतो आणि तरीही भागलं नाही तर कॉम्प्युटर बंद करतो. वेग उतरवण्याच्या या क्रियेला थ्रॉटलिंग म्हणतात. त्यामुळे आजच्या काळात गरम प्रोसेसर जळण्याची भीती फारशी नाही; आपण पैसे देऊन घेतलेला वेग हातून निसटतो, हे खरं नुकसान आहे.

आकडा कसा पाहायचा, कसा वाचायचा

विंडोजचा टास्क मॅनेजर ग्राफिक्स कार्डचं तापमान दाखवतो, प्रोसेसरचं दाखवत नाही. त्यासाठी एचडब्ल्यूइन्फो किंवा कोअर टेम्प यांसारखं मोफत सॉफ्टवेअर लागतं. लिनक्सवर ‘सेन्सर्स’ ही आज्ञा तेच काम करते. कॉम्प्युटर सुरू होताना उघडता येणाऱ्या बायोसमध्येही तापमान दिसतं. पण तिथे भार नसतो, त्यामुळे त्यावरून कामाच्या वेळचा अंदाज येत नाही. एचडब्ल्यूइन्फोमध्ये इंटेलसाठी ‘सीपीयू पॅकेज’ आणि रायझनसाठी ‘टीडाय’ असलेली ओळ पाहावी. शेजारी किमान, कमाल आणि सरासरीचे रकाने असतात. त्याच यादीत थर्मल थ्रॉटलिंगसमोर ‘हो’ की ‘नाही’ तेही येतं. तो ‘हो’ किंवा ‘नाही’ अंशांच्या आकड्यापेक्षा जास्त महत्त्वाचा.

मोजताना आधी दहा मिनिटं कॉम्प्युटर निवांत ठेवा आणि आकडा टिपून घ्या. मग सिनेबेंचची दहा मिनिटांची चाचणी लावा आणि शेवटच्या दोन मिनिटांतलं तापमान, कोअरचा वेग आणि प्रोसेसर खात असलेले वॅट, या तिन्ही गोष्टी लिहा. प्राइम९५ ही चाचणी याहून कठोर आहे. रोजच्या कामात तेवढा भार क्वचितच येतो. तुमचं मुख्य काम गेमचं किंवा व्हिडिओ रेंडरचं असेल तर अर्धा तास तेच काम करून घेतलेला आकडा सर्वांत खरा.

या नोंदीत आणखी एक आकडा हवा, तो खोलीच्या तापमानाचा. साधा तापमापक कॅबिनेटजवळ ठेवून तो लिहावा. याचं कारण विदर्भातल्या वाचकांना चटकन पटेल. तिकडे ‘कुलर’ म्हटलं की खिडकीतला, पाण्यानं भिजलेल्या ताट्यांमधून हवा ओढणारा कुलर आठवतो. तो बाहेरच्या हवेहून गार वारा देऊ शकतो, कारण पाणी वाफ होऊन उडताना उष्णता घेऊन जातं. कॉम्प्युटरचा कुलर तसा गारवा तयार करत नाही. तो फक्त उष्णता एका जागेहून दुसरीकडे नेतो, आणि खोलीतल्या हवेपेक्षा खाली त्याला जाता येत नाही.

समजा, एखादा कुलर १०० वॅटच्या भारावर प्रोसेसरला खोलीपेक्षा ४० अंश वर ठेवतो. २४ अंशांच्या वातानुकूलित खोलीत स्क्रीनवर ६४ दिसतील. मे महिन्यात नागपूर, अकोला, चंद्रपूरकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि घरात ४० असतात, तेव्हा तोच कुलर, तोच भार आणि आकडा ८०. कुलर बिघडलेला नाही; फरक तोच ४० अंशांचा आहे. म्हणून तापमानांची तुलना करताना नेहमी खोलीचं तापमान वजा करून उरलेला फरक पाहावा. थंड खोलीत घेतलेल्या चाचण्यांचे आकडे वाचून कुलर निवडतानाही आपल्या उन्हाळ्याचे पंधरा-सोळा अंश त्यात मिळवायला हवेत.

कमाल मर्यादा प्रत्येक प्रोसेसरची वेगळी. इंटेल कोअर आय५-१२४०० आणि आय९-१३९००के यांची १०० अंश, रायझन ७ ५८००एक्सची ९०, रायझन ७ ७८००एक्स३डीची ८९. रायझन ७००० मालिकेतल्या मोठ्या प्रोसेसरांची रचनाच अशी आहे, की पूर्ण भारावर ते ९५ अंशांपर्यंत वेग चढवत नेतात. त्यांच्यावर चांगला कुलर बसवला तरी आकडा पुष्कळदा ९५ च राहतो. वेग मात्र वाढतो. अशा प्रोसेसरचा ९५ हा आजार समजू नये. एरवी, निवांत असताना खोलीपेक्षा दहा-वीस अंश वर आणि भारावर मर्यादेच्या दहा-पंधरा अंश खाली, एवढं असेल तर निश्चिंत राहावं.

वाटेवरचे टप्पे

आता ती वाट पाहू. उष्णता सिलिकॉनमध्ये जन्मते. तिथून प्रोसेसरच्या धातूच्या झाकणात, झाकणातून थर्मल पेस्टमध्ये, पेस्टमधून कुलरच्या तळात, तळातून हीट पाइपमध्ये, पाइपातून पातळ पत्र्यांमध्ये, पत्र्यांवरून हवेत, हवेबरोबर कॅबिनेटबाहेर खोलीत. एखाद्या ठिकाणी वाट अरुंद झाली की मागे सगळीकडे उष्णता तुंबते. पुढचे टप्पे कितीही ऐसपैस असले तरी उपयोग होत नाही.

पहिला टप्पा आपल्या हातात नसतो. रायझन ७ ७८००एक्स३डीमध्ये जादा कॅशेचा थर कोअरांच्या माथ्यावर बसवला होता. उष्णतेला त्यातून वाट काढावी लागे, म्हणून कमी वॅट खाऊनही तो गरम दिसतो. २०२४ मध्ये आलेल्या ९८००एक्स३डीत एएमडीनं तो थर कोअरांच्या खाली नेला, कोअर कुलरच्या जवळ आले आणि त्यांना जास्त वेगानं चालवता आलं. कुलरला हात न लावता निव्वळ वाट मोकळी केल्यानं हे साधलं.

दुसरा टप्पा थर्मल पेस्टचा. कुलरचा तळ आणि प्रोसेसरचं झाकण दिसायला गुळगुळीत असले तरी बारीक पातळीवर दोन्हींत खाचखळगे असतात आणि त्यांत हवा अडकते. तांबं हवेच्या सुमारे पंधरा हजार पट चांगली उष्णता वाहतं, म्हणजे हवेचा केसाएवढा थरही इथे भिंत होतो. पेस्ट ती हवा हुसकावते. स्वतः पेस्ट तांब्याच्या मानानं फार कमकुवत वाहक आहे, म्हणून ती खळगे भरण्यापुरतीच हवी. जाड लेप दिला तर लेपच अडथळा ठरतो. काही वर्षांनी पेस्ट सुकते किंवा कडेला सरकते, तेव्हा ती बदलावी.

तिसरा टप्पा हीट पाइपचा. अमेरिकेतल्या लॉस अलामोस प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी १९६३ मध्ये अशी नळी बनवली. उद्देश अंतराळयानातली उष्णता हलवण्याचा होता. तांब्याची बंद नळी, आतली हवा काढून घेतलेली आणि थोडंसं पाणी. हवा नसल्यामुळे पाणी कमी तापमानालाही उकळतं. गरम टोकाला त्याची वाफ होते, वाफ थंड टोकाकडे धावते, तिथे उष्णता सोडून पुन्हा पाणी होते. झाकण ठेवलेल्या पातेल्यात झाकणाला लागून पाणी ठिबकतं तसं. नळीच्या आतल्या भिंतीला तांब्याच्या भुकटीचं सच्छिद्र अस्तर असतं. समईची वात तेल वर ओढते तसं ते अस्तर पाणी पुन्हा गरम टोकाकडे ओढून आणतं. म्हणून कुलर आडवा असो की उभा, हे चक्र चालू राहतं. भरीव तांब्याच्या कांबीपेक्षा ही पोकळ नळी कितीतरी जास्त उष्णता वाहून नेते.

चौथा टप्पा पत्र्यांचा आणि पंख्याचा. गरम चहा बशीत ओतून फुंकर घालून पिणाऱ्याला हा टप्पा समजावून सांगावा लागत नाही. बशी चहाचा पृष्ठभाग पसरवते, फुंकर गरम हवा दूर सारते. कुलरच्या अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्या म्हणजे एकावर एक रचलेल्या बशाच. पंखा मोठा असण्याचा फायदा आवाजात दिसतो : पंख्याचा वेग दुप्पट केला की आवाज सुमारे १५ डेसिबलनं वाढतो. तेवढीच हवा १४० मिलिमीटरचा पंखा सावकाश फिरून देतो, लहान पंख्याला मात्र घोंघावावं लागतं.

शेवटचा टप्पा आपण हमखास विसरतो, तो कॅबिनेटचा. २५० वॅट उष्णता बाहेर काढायची आणि हवा दहा अंशांहून जास्त तापू द्यायची नाही, असं ठरवलं तर दर सेकंदाला सुमारे वीस लिटर हवा आतबाहेर व्हायला हवी. सेकंदाला एक बादली हवा! समोर काचेचं सपाट पॅनल आणि मागे एकच पंखा असलेल्या कॅबिनेटमध्ये ही बादली भरत नाही, आणि कितीही महाग कुलर तीच तापलेली हवा फिरवत बसतो.

अडथळा ओळखण्याची रीत

आता निदान सोपं होतं. मुद्दाम ९५ पर्यंत चढणारे मोठे रायझन सोडले, तर भार टाकताच एक-दोन सेकंदांत आकडा ४० वरून ९५ वर उसळणं म्हणजे अडथळा प्रोसेसरच्या अगदी जवळ आहे : पेस्ट सुकली आहे, कुलर नीट दाबला गेलेला नाही किंवा पाण्याच्या कुलरचा पंप बंद पडला आहे. इंटेलबरोबर येणाऱ्या जुन्या धाटणीच्या कुलरला प्लास्टिकच्या चार खुंट्या असतात. त्यांतली एखादी सुटली तरी हेच लक्षण दिसतं. अशा वेळी नवा कुलर आणण्याआधी आहे तोच काढून, पुसून, नवी पेस्ट लावून पुन्हा बसवावा.

आकडा दहा-पंधरा मिनिटं हळूहळू चढत राहिला, तर पत्र्या आणि कॅबिनेटकडे पाहा. कॅबिनेटची बाजूची झडप उघडून तीच चाचणी पुन्हा घ्या. तापमान पाच-सात अंशांनी उतरलं, तर दोष कॅबिनेटच्या हवेचा. तिथे समोरून हवा आत घेणारा एक पंखा वाढवणं नव्या कुलरपेक्षा स्वस्त आणि गुणकारी. झडप उघडूनही काही फरक पडला नाही, पत्र्या स्वच्छ आहेत, पेस्ट ताजी आहे आणि तरी थ्रॉटलिंग होतं आहे, तेव्हाच कुलर खरोखर अपुरा आहे असं म्हणावं.

धुळीकडे दुर्लक्ष करू नये. पत्र्यांमधल्या फटीत धुळीचं नमद्यासारखं जाडसर आवरण तयार होतं. कोकणात दमट हवेनं ते चिकटूनच बसतं. दिवाळीच्या साफसफाईत एकदा आणि उन्हाळा चढण्याआधी होळीच्या सुमारास एकदा, असं वर्षातून दोनदा कॅबिनेट उघडावं. वीज पूर्ण बंद करून, वायर काढून, ब्लोअर किंवा मऊ ब्रशनं धूळ काढावी. ब्लोअर मारताना पंखा बोटानं धरून ठेवावा; वाऱ्यानं भलत्या वेगात फिरला तर त्याचं बेअरिंग खराब होतं.

बायोसमध्येही एक अडथळा दडलेला असतो. आय९-१३९००केची मूळ मर्यादा १२५ वॅट आणि कमाल २५३ वॅट आहे. पण अनेक मदरबोर्ड ही मर्यादा उठवूनच ठेवतात. ती इंटेलनं ठरवलेल्या आकड्यावर आणली की तापमान खाली येतं आणि वेगात फारसा फरक जाणवत नाही. रायझनमध्ये ‘इको मोड’ हेच काम करतो. वेगाचे शेवटचे चार-पाच टक्के मिळवण्यासाठी प्रोसेसर कितीतरी जादा वॅट जाळतो. उन्हाळ्यापुरते ते टक्के सोडले तर कुलर, पंखा आणि वीजबिल या सगळ्यांवरचा ताण कमी होतो. याला एक पैसाही लागत नाही.

कुलर निवडताना

आता खरेदी. सुरुवात प्रोसेसर प्रत्यक्ष किती वॅट खातो यापासून करावी. कुलरच्या खोक्यावर छापलेल्या वॅटच्या आकड्यावर विसंबू नये. तो मोजण्याची सर्वमान्य पद्धत नाही, प्रत्येक कंपनी आपापल्या रीतीनं मोजते.

आय५-१२४०० किंवा रायझन ५ ७६०० यांच्यासारख्या ६५ वॅट वर्गातल्या प्रोसेसरला सोबत मिळणारा कुलर पुरतो. आवाज नको असेल किंवा उन्हाळा कडक असेल तर चार हीट पाइप आणि १२० मिलिमीटरचा पंखा असलेला साधा टॉवर कुलर घ्यावा. बहुतेक घरांसाठी हीच सर्वांत शहाणी खरेदी आहे. डीपकूल एके४००, कुलर मास्टर हायपर २१२ ही या वर्गातली परिचित नावं. दीडशे ते दोनशे वॅटपर्यंत दोन मनोऱ्यांचा, सहा हीट पाइपांचा कुलर उत्तम. थर्मलराइट पीअरलेस असॅसिन १२० एसई त्याच घडणीचा आहे. दोनशेच्या वर सतत काम असेल, तरच ३६० मिलिमीटरच्या रेडिएटरचा, पाण्यानं चालणारा कुलर विचारात घ्यावा.

पाण्याच्या कुलरबद्दल गैरसमज फार आहेत. त्यातलं पाणीही शेवटी हवेतच उष्णता सोडतं, त्यामुळे खोलीपेक्षा गार तोही करू शकत नाही. पाणी तापायला वेळ लागतो, म्हणून अचानक येणारा भार तो सहज पेलतो. तासभराच्या रेंडरमध्ये मात्र रेडिएटरचा आकारच सगळं ठरवतो. त्यात पंप असतो, तो झिजतो. बंद नळ्यांतूनही वर्षांनुवर्षं थोडं थोडं पाणी उडून जातं. हवेच्या कुलरमध्ये बिघडण्यासारखा एक पंखाच, आणि तो सहज बदलता येतो. रेडिएटर बसवताना पंप सगळ्यात उंच जागी येणार नाही हे पाहावं, नाहीतर आतली हवा पंपात साचते.

पैसे देण्याआधी तीन मापं घ्यावीत. पहिलं उंचीचं : एके४०० ची उंची १५५ मिलिमीटर, नॉक्टुआ एनएच-डी१५ ची १६५. कॅबिनेटच्या माहितीपत्रकात कुलरची कमाल उंची दिलेली असते, ती आधी पाहावी. दुसरं प्रोसेसर जिथे बसतो त्या सॉकेटचं : इंटेलच्या एलजीए १२०० ची भोकं ७५ मिलिमीटर अंतरावर होती, एलजीए १७०० ची ७८ वर गेली, जुना कुलर असेल तर नवी पट्टी लागेल. तिसरं रॅमचं : उंच रॅमच्या कांड्यांना मोठ्या कुलरचा पंखा अडू शकतो.

बसवताना तळावरचं पारदर्शक प्लास्टिक काढलं आहे याची खात्री करावी. ते तसंच राहून गेल्यानं नवा कुलर हतबल झाल्याची उदाहरणं नेहमी घडतात. पेस्ट वाटाण्याच्या दाण्याएवढी मधोमध ठेवावी. स्क्रू समोरासमोरच्या कोपऱ्यांत आळीपाळीनं, थोडे थोडे आवळावेत, म्हणजे दाब सगळीकडे सारखा पडतो. एएमडीच्या एएम४ सॉकेटवरून जुना कुलर काढायचा असेल तर आधी कॉम्प्युटर थोडा वेळ चालवून पेस्ट मऊ होऊ द्यावी, मग बंद करून कुलर हळूच पिळत सोडवावा. सरळ ओढला तर पिनांसकट प्रोसेसर उपसून येतो. टॉवरच्या पंख्याचा वारा कॅबिनेटच्या मागच्या दिशेनं जावा.

सगळं झालं की सुरुवातीची तीच चाचणी, तेवढाच वेळ, पुन्हा घ्यावी आणि वहीत जुन्या ओळीखाली नवी ओळ लिहावी : तारीख, खोलीचं तापमान, प्रोसेसरचं तापमान, वॅट आणि वेग. पुढच्या मे महिन्यात पंखा घोंघावू लागला, की ही वही उघडा आणि दोन ओळींतला फरक काढा. फरक तोच असेल तर तो उन्हाळा आहे, आणि पावसाबरोबर तो ओसरेल. फरक दहा अंशांनी वाढला असेल तर पेचकस आणि ब्रश काढा. वाट कुठेतरी अडली आहे, आणि ती कुठे शोधायची हे आता तुम्हाला ठाऊक आहे.